दोन माणसांचं यंत्र

४ ऑक्टोबर

प्रिय खारू,

आज सकाळी फाटका मोजा हातात घेतला आणि वसतिगृहाची मागची पायरी आठवली. शनिवारची दुपार, केस ओले, आणि आपण दोघी गेलेल्या दिव्याच्या गोळ्यावर मोजे चढवून रफू करतोय. सिस्टर मागे येऊन उभ्या राहायच्या. "मुलींनो, भोक विणून भरायचं असतं, आवळून टाकायचं नसतं." तू नेहमी आवळायचीस. तू रफू केलेला मोजा घातला की बोटं दुमडून बसायची. बिस्किटं लपवायचीस म्हणून तू खारू, आणि बोटं कायम निळी म्हणून मी शाई. पुढे मी तुझ्या दादाशी लग्न केलं, तू माझी नणंद झालीस, साठी जवळ आली. पण पत्राच्या पहिल्या ओळीत आपण अजून आठवीतच आहोत.

आमच्याकडची बातमी म्हणजे वखारीत लाकूड फोडायचं यंत्र आलंय. दादाचा खांदा आता वर होत नाही, घण उचलवत नाही. मिस्त्रीने जुन्या गर्डरवर एक सिलिंडर बसवला, त्याच्या दांड्याला पोलादी पाचर, आणि समोर जाड लोखंडी पाट. इंजिन वेगळं नाही. ट्रॅक्टरच्या मागे तेलाची दोन तोंडं असतात, तिथे दोन पाइप जोडायचे. सीटजवळची लिव्हर पुढे ढकलली की तेलाच्या दाबाने पाचर पुढे येते, मागे ओढली की मागे जाते, सोडली की जिथे असेल तिथे थांबते. झालं यंत्र.

पहिल्याच आठवड्यात दादाने घाईत पाइप उलटे जोडले. मी लिव्हर मागे ओढतेय आणि पाचर पुढे! ओंडका निसटून त्याच्या नडगीवर. मीच मग मिस्त्रीला म्हटलं, उलटे लागणारच नाहीत असं काहीतरी करा. त्याने ट्रॅक्टरवरचा एक जोड बदलून टाकला. आता एका पाइपाचं टोक आत जाणारं आणि दुसऱ्याचं आत घेणारं, त्यामुळे ज्याचा तो पाइप ज्याच्या त्या तोंडातच बसतो. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, एक नवरा केला, एक बायको. आता दुसऱ्याच्या घरात शिरायची सोय नाही." मी हसले, मग दादाकडे बघून थांबले.

लिव्हर वर आणि ओंडका खाली, म्हणून या यंत्राला दोन माणसं लागतात. मी सीटवर मान मागे वळवून बसते. दादा ओंडका पाटाला टेकवतो आणि हनुवटी हलवतो. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, सगळा कारभार हनुवटीवर. मग मी लिव्हर ढकलते. ओंडका आधी कण्हतो, मग फाटतो. कुऱ्हाडीने लाकूड फुटायचं. हे फाटतं, आतले दोरे ताणत ताणत, सोललेल्या मांसासारखं. बेकरीवाला रोज गाडीभर नेतो.

खारू, रोज त्याचे दोन्ही हात माझ्या एका लिव्हरखाली असतात, आणि तो मान वर करून बघतसुद्धा नाही.

माझा पुढचा एक दात गेला. पायरीवरून पडले. तुझी वरची खोली हल्ली रिकामी असते का? सहज विचारलं.

तुझी,
शाई

१५ ऑक्टोबर

माझी शाई,

दात गेला म्हणजे आता तुला शिट्टी यायला हरकत नाही. आठवीत जमली नव्हती, तेवढीच राहिली होती. पण बाई, पायऱ्या जपून उतरत जा.

तुझं यंत्र मला इथे बसून दिसलं. आणि ते हातांचं वाक्य वाचून, खरं सांगते, डोळे भरून आले. दादाला प्रेम बोलून दाखवता येत नाही. बाबांनाही येत नव्हतं. पण जो माणूस आपले दोन्ही हात तुझ्या लिव्हरखाली ठेवतो आणि वर बघतही नाही, त्याचा तुझ्यावर किती विश्वास असेल! माझे हे जाऊन सहा वर्षं झाली. माझ्यावर कुणी आता साधं दूध उतू जाऊ न देण्याची जबाबदारीही टाकत नाही.

दादाचा आवाज मोठा आहे हे मला माहीत आहे. पण त्याचा राग टिकत नाही. आपण गप्प बसलं की तोही बसतो. लहानपणी मी तेच करायचे.

वरच्या खोलीचं विचारलंस. रिकामीच आहे. खिडकीला निळा पडदा लावलाय, तुला आवडेल. वसंतात या दोघं. दादाला म्हणावं, वखार चार दिवस मिस्त्रीवर सोड. आपण गच्चीत बसू, तो पेपर वाचेल.

तुझी,
खारू

२ नोव्हेंबर

खारू,

दोघं नाही. मला एकटीला यायचंय.

मी पायरीवरून पडले नव्हते. दात त्याच्या मुठीने गेला. मागच्या वर्षी मनगट मोडलं ते न्हाणीघरात घसरून नव्हे. दार लावून घेतलं होतं, ते त्याने बाहेरून लाथेने उघडलं आणि माझा हात कडीवर होता. त्याआधी कपाळाला टाके पडले, तेव्हा स्कूटरवरून पडले असं तुला लिहिलं. इतकी पडणारी बाई सर्कशीत असते, खारू. तुला एकदाही शंका आली नाही याचं मला आधी बरं वाटायचं. मग वाटेनासं झालं.

परवा काय झालं ते सांगते. गाठींचं ओलं लाकूड होतं. बेकरीवाला गाडी लावून उभा, उशीर झाला म्हणून दादा धुसफुसत होता. त्याने ओंडका ठेवला आणि हनुवटी हलवली. पण त्याचा अंगठा अजून पाटाच्या कडेवर होता. ओंडका घसरला असता तर अंगठा गेला असता. मी लिव्हर ढकलली नाही, थांबले.

"झोपलीस काय गं?" तो ओरडला. मी बोटाने अंगठा दाखवत होते. त्याला वाटलं मी त्याला शिकवतेय, तेही गिऱ्हाइकासमोर. तो वर चढला. माझा अंबाडा धरला आणि मला सीटवरून खेचलं. मी मागच्या लोखंडी कडीवर आपटले. मग त्याने नुकतंच फाडलेलं एक लाकूड उचललं. दोनदा पाठीत घातलं. तिसऱ्यांदा कानावर. त्याची सालं अजून ओली होती, माझ्या मानेला चिकटली.

बेकरीवाला खाली वाकून आपल्या गाडीचं टायर बघत होता. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

मग दादा म्हणाला, "ऊठ. बस वर." आणि मी बसले. त्याने पुन्हा ओंडका ठेवला, पुन्हा हनुवटी हलवली. माझ्या कानातून रक्त येत होतं आणि त्याचे दोन्ही हात माझ्यासमोर पाटावर होते. मी बघून, सावकाश, त्याची बोटं बाजूला होईपर्यंत थांबून लिव्हर ढकलली. गाडीभर लाकूड तसंच फोडलं. तू याला विश्वास म्हणालीस. त्याला माझ्यावर विश्वास नाही, खारू. मी काही करू शकते हेच त्याच्या डोक्यात कधी आलेलं नाही. त्याच्या लेखी मी लिव्हरचाच एक तुकडा आहे.

त्या कानाने आता ऐकू येत नाही.

महिनाअखेरीला तो लाकूड बघायला वरच्या जंगलात जाणार आहे, दोन रात्री नसेल. तेव्हा मी निघेन. फोन त्याच्या खिशात असतो, माझ्या पत्रांकडे मात्र तो ढुंकून बघत नाही. पोरीबाळींचा खेळ म्हणतो. म्हणून तुझं उत्तर मला बिनघोर मिळेल. फक्त 'ये' एवढं लिही. आणि दादाला एक अक्षरही कळवू नकोस. मला आधी निघू दे.

शाई

९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

वहिनीने मला सगळं कळवलंय. दात, मनगट, कान. मला विश्वास बसत नव्हता, पण ती खोटं बोलणारी नाही. आम्ही एका खाटेवर झोपलेल्या मुली आहोत.

तू वाईट नाहीस. मला कुत्र्यापासून वाचवताना तुझ्या पोटरीला दात लागले होते, ती खूण अजून असेल. मग तू हे का करतोस? आपल्या आईचा चेहरा तू विसरलास का? स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभी राहायची ती. तू तेव्हा म्हणाला होतास, मी मोठा झालो की बाबांसारखा होणार नाही.

मी तुला धमकी देत नाही. तुझ्या मनाला हाक मारतेय. तिनेच मला लिहिलंय, की रोज तुझे दोन्ही हात तिच्या एका लिव्हरखाली असतात आणि तू मान वर करूनही बघत नाहीस. जरा विचार कर. तिने मनात आणलं असतं तर? कान फुटलेला असताना तिने तुझी बोटं जपली. अशी बायको मिळायला भाग्य लागतं.

तिची माफी माग. आणि महिनाअखेरीला ती माझ्याकडे येईल तेव्हा तिला हसून निरोप दे.

तुझी धाकटी बहीण,
चिमी

९ नोव्हेंबर

माझी शाई,

ये! हजारदा ये. खोली झाडून घेतलीय, गादीला ऊन दाखवलंय. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि रात्रभर बसून राहिले.

तू रागावशील, पण मी दादाला लिहिलंय. चोरासारखी मागच्या दाराने तू का निघायचंस? तू काही गुन्हा केलेला नाहीस. सरळ, स्वच्छ शब्दांत लिहिलंय, कुठेही कडवटपणा नाही. मी त्याला ओळखते गं. समोर कुणी आरसा धरला की तो वरमतो. तुझंच एक वाक्य लिहिलंय त्याला, ते वाचून दगडालाही पाझर फुटेल.

त्याचं उत्तर येईपर्यंत थांब. तो स्वतः तुला गाडीत बसवून देईल, बघ.

तुझी,
खारू

२७ नोव्हेंबर

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. शिकलेल्या बायका लिहितात फार, मला चष्मा शोधावा लागला.

तू लिहिलेलं पटलं. माझे हात रोज तुझ्या मैत्रिणीच्या लिव्हरखाली, हे खरंच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बरं झालं सांगितलंस. मग म्हटलं, हिच्यावर एवढी जबाबदारी कशाला? आपण बसू वर, ही ठेवेल खाली ओंडके. बायकांचे हात चपळ असतात.

आता वाईट बातमी. जरा अपघात झाला. पाइप हिनेच जोडले होते, ते उलटे जोडले. मी लिव्हर मागे ओढतोय तर पाचर पुढे. यंत्राला काय कळतं? उजव्या हाताची तीन बोटं गेली, तळवाही गेल्यात जमा आहे. मी लगेच दवाखान्यात नेलं, माणुसकी सोडली नाही. हवालदार येऊन लिहून घेऊन गेला, त्यालाही पटलं. असं यंत्रांवर होतच असतं, म्हणाला.

तिला आता पत्रं लिहिता यायची नाहीत. तेवढीच तुझ्याही डोळ्यांना विश्रांती. तू यायची घाई करू नकोस, रस्ते खराब आहेत आणि तुझे गुडघे दुखतात. मी बघतो तिचं सगळं.

तुझा,
दादा

३ डिसेंबर

खारू,

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर पहिलीतलं आहे. नर्स म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी नको म्हटलं. माझं वाक्य आता दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही. पत्र पेटीत तेवढं ती टाकेल.

तुझं पत्र त्याने जेवताना उघडलं. मोठ्याने वाचलं. ते हातांचं वाक्य दोनदा वाचलं. मग घडी करून खिशात ठेवलं आणि आणखी भात मागितला. तीन दिवस बोट लावलं नाही मला. मी वेडी, मला वाटलं खारूचं खरं झालं.

चौथ्या दिवशी म्हणाला, "आजपासून तू खाली."

सकाळभर नीट चाललं. मी ठेवायची, हनुवटी हलवायची, तो ढकलायचा. दुपारी बेकरीवाला आला तेव्हा एक वाकडा ओंडका होता. पाटाला नीट टेकत नव्हता म्हणून मी उजवा हात मागे घालून तो सरळ करत होते. हनुवटी हलवलीच नव्हती. पाचर आली.

आधी दुखलं नाही. आवाज आला. ओल्या फांद्या मोडतात तसा, एकामागून एक. मग मी ओरडले. लिव्हर नुसती सोडली असती तरी पाचर थांबली असती. त्याने सोडली नाही. तो माझ्याकडे बघत होता, खारू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान वळवून, नीट, डोळ्यांत डोळे घालून. दाब वाढला तसा ओंडका फाटायला लागला, आणि मधे माझा हात.

तो म्हणाला, "आता सांग. कुणाचे हात कुणाच्या हातात?"

बेकरीवाला धावत आला. त्याने दादाला ढकललं आणि लिव्हर मागे ओढली. पाचर मागे गेली. पाटावर माझी बोटं चिकटून राहिली होती. मी ती उचलायला वाकले होते, एवढंच आठवतं.

शुद्धीवर आले तोवर हवालदार येऊन गेला होता.

ते वाक्य माझं होतं. मी फक्त तुला लिहिलं होतं.

सोमवारी मला घरी सोडणार आहेत. तो न्यायला येणार आहे. काल खाटेजवळ बसून माझा डावा हात हातात घेऊन म्हणाला, "हा शाबूत आहे. ओंडके धरायला एवढा पुरे." नर्सला वाटलं लाडाने बोलतोय. ती हसली.

तू येणार असशील तर त्याच्या आधी ये. येणार नसशील तर उत्तर पाठवू नकोस. ते त्याच्या हातात पडेल.

शा

१९ डिसेंबर

दादा,

जामिनावर सुटल्यापासून तू आठ दिवस फोन करतोयस. मी उचलत नाही. जे सांगायचं ते एकदाच लिहिते.

मी रविवारी संध्याकाळीच दवाखान्यात पोचले. रस्ते चांगले आहेत आणि माझे गुडघेही. शाईच्या खाटेजवळ गेले तर तिने मला ओळखलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि पावलांचा आवाज आला म्हणून तिने डावा हात पांघरुणाखाली लपवला. मी तिथेच फरशीवर बसले. तिने वळून बघेपर्यंत बसून राहिले. नर्सला मी तिचं पत्र वाचायला दिलं. ती त्यानंतर हसली नाही. सोमवारी पहाटे तिनेच आम्हाला धोबीखान्याच्या मागच्या दाराने बाहेर काढलं आणि मी शाईला मिस्त्रीच्या घरी नेऊन झोपवलं.

तू रिकाम्या खाटेजवळ उभा राहून आरडाओरडा करत होतास, तेव्हा आम्ही वखारीत होतो. मी, मिस्त्री आणि हवालदार. तोच, ज्याला तुझं सगळं पटलं होतं. मी त्याच्या हातात दोन्ही पाइप दिले आणि म्हटलं, लावा उलटे. त्याने लावून पाहिले. जोर लावला. बूट टेकवून जोर लावला. तेलाने हात बरबटले. शेवटी म्हणाला, "बाई, हे बसतच नाही." मिस्त्री म्हणाला, "बसणार कसं? ते बसू नये म्हणून तर वहिनींनी माझ्याकडून करून घेतलं होतं." हवालदाराने खिशातली वही काढली आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.

पाट तू धुतलाही नव्हतास. मिस्त्री सांगत होता, तू एकटाच ओंडका ठेवायचास, पळत जाऊन सीटवर चढायचास, लिव्हर ढकलायचास, पुन्हा उतरायचास. तिचं रक्त वाळलेल्या पाटावर. बेकरीची मागणी चुकवली नाहीस म्हणे. मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही, पण भिंतीला टेकवलेला बाबांचा घण दिसला तेव्हा मी तो उचलला. त्या यंत्रावर घातला. घण पाटावरून उसळून माझ्याच पायाजवळ पडला. यंत्राला ओरखडाही आला नाही. मिस्त्रीने तो हळूच माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाला, "ताई, ते पोलिसांना लागेल." खरं सांगू? तू तिथे असतास तर मी तो यंत्रावर घातला नसता. इतकी मी तुझी बहीण आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

तुझं पत्र मी पोलिसांना दिलंय. तिचं वाक्य तुझ्या हातात मी दिलं, हे माझ्याकडून कधी पुसलं जायचं नाही. पण लिव्हर तुझ्या हातात होती. बेकरीवाल्यानेही जबाब दिलाय. म्हणाला, त्या आधीच्या वेळीही मी टायर बघत नव्हतो, सगळं बघत होतो. दुसऱ्यांदा लिव्हरपर्यंत पोचायला त्याला धावावं लागलं, याचं त्याला वाईट वाटतंय. शाईने मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. ती काल रात्री झोपेत ओरडली तेव्हा मला हाक मारली, एवढं खरं.

आता वस्तूंचं. हे सगळं तीच सांगतेय, निळ्या पडद्याजवळ बसून. मी नुसती लिहितेय. गुरुवारी टेम्पो येईल, सोबत हवालदार असेल. तू घरात थांबायचं नाहीस.

शिवणाचं मशीन आणि तिची ट्रंक टेम्पोत चढवायची. ट्रंक उघडायची नाही. माझी सगळी पत्रं तिच्या उशीच्या खोळीत आहेत. उशीसकट खोळ द्यायची. कपाटाच्या खालच्या खणातला जुना चष्मा द्यायचा, नवा वखारीत तुझ्या पायाखाली गेला.

कोंबड्या मिस्त्रीच्या बायकोला. लंगडी कोंबडीही तिलाच. ती कापायची नाही असं बजावून सांगायचं, मिस्त्रीची बायको ऐकते.

ट्रॅक्टर बाबांनी आपल्या दोघांच्या नावावर ठेवला होता. माझ्या सहीशिवाय तो विकता यायचा नाही आणि मी सही देणार नाही. पोलिसांचं काम संपलं की तो मिस्त्रीच्या शेडमध्ये जाईल. वापरायचा असेल तर त्याने नांगराला वापरावा. यंत्र पोलिसांकडे. ते परत मागायचं नाही.

फोडून रचलेली लाकडं बेकरीवाल्याची. त्याने पैसे देऊ केले तर घ्यायचे नाहीत.

मनगट मोडलं तेव्हाचे फोटो, ज्यांनी ते बसवलं त्या डॉक्टरीणबाईंकडे आहेत. ते त्या थेट कोर्टात देतील, तू त्यांच्या दारात जायचं नाहीस.

तिची अंगठी दवाखान्यात कापून काढावी लागली. दोन तुकडे या पाकिटात घातलेत. ते तुझे.

बाबांचा घण आणि कुऱ्हाड तुझ्याकडे राहू दे. खांदा दुखेल. दुखू दे.

आणि तिचा चहाचा कप पाठवू का, असं तू काल माझ्या शेजाऱ्यांना फोन करून विचारलंस म्हणे. नको. तो कुणालाही दे, नाहीतर फोड. तिच्यासाठी इथे नवा घेतलाय, दोन कानांचा.

चिमी